काट्याला न दिसणारी चरबी

भारतीय मुलांमधल्या लठ्ठपणाची सुरुवात आईच्या पोटात होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्या गावांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. गावातल्या बाळांचे स्नायू कमी भरलेले होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार अशी ही शरीररचना आज जगभरच्या वैद्यकात पुण्याच्या या कामामुळे ओळखली जाते. याच रुग्णालयात त्याआधी जन्मलेल्या मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली. जन्मतः हलकी आणि पुढे झपाट्याने वजन वाढलेली मुले इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. मधुमेहाच्या वाटेवरची ही पहिली खूण.

म्हणूनच बारीक मुलाला ‘खाऊ घाला, अंगाला लागू द्या’ म्हणणारे घर आणि गुटगुटीत मुलाचे कौतुक करणारे घर, दोन्ही एकाच धोक्याकडे पाठ फिरवून बसलेली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. त्याच वेळी जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले होते. उपासमार आणि लठ्ठपणा एकाच राज्यात शेजारी शेजारी नांदत आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये वाढीचे नवे तक्ते काढताना जादा वजन आणि लठ्ठपणाच्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजनाच्या निर्देशांकाशी) जोडल्या. जगात इतरत्र त्या २५ आणि ३० शी जोडलेल्या असतात. घरच्या घरी यापेक्षा सोपा उपाय म्हणजे शिंप्याची टेप. शाळकरी मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारे जोरकस खेळ असावेत. ही हालचाल रोज होण्याला महत्त्व आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो, त्यासाठी त्याला इन्सुलिनची फारशी गरज लागत नाही. व्यायाम थांबल्यावरही तो इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देत राहतो, पण हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. त्यामुळे रविवारच्या क्रिकेट कोचिंगने आठवडाभराचे बसणे भरून निघत नाही. वजनकाट्यावर मात्र खेळाचा परिणाम बेताचाच दिसतो. एका वडापावातली ऊर्जा खर्च करायला दहा वर्षांच्या मुलाला तासाहून जास्त भराभर चालावे लागेल. म्हणून खाण्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच केला आहे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहिले की त्याची अंमलबजावणी किती होते ते दिसते.

खेळाची खरी जागा शाळाच आहे, कारण तिथे श्रीमंत-गरीब, मुलगा-मुलगी, जाड-बारीक सगळे एकत्र असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले. पण मैदान असूनही पीटीचा तास गणिताच्या राहिलेल्या धड्याला जातो, परीक्षा जवळ आली की तो पहिला कापला जातो. जो तास उरतो तो शाळेच्या संघात निवड झालेल्या मोजक्या मुलांचा असतो. बाकीची कट्ट्यावर बसतात, आणि त्यांनाच धावण्याची सर्वाधिक गरज असते. जाड मुलाला चिडवणे, त्याला कायम पंच करणे, शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे, यांतून त्या मुलाच्या मनात हालचालीबद्दल तिटकाराच रुजतो. हे शिक्षकांनी कठोरपणे थांबवायला हवे.

खेळ कोणता निवडला यावरही बरेच अवलंबून आहे. क्रिकेटमध्ये दोघे-तिघे हलतात, बाकीचे बराच वेळ उभेच. खो-खोचे मैदान अवघे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. साहित्य म्हणजे दोन खांब. पाठलाग करणारा जीव तोडून धावतो, आणि बसलेल्या आठांपैकी प्रत्येकाला ‘खो’ मिळताच उकिडव्या बैठकीतून उसळावे लागते. पायाच्या स्नायूंसाठी याहून चांगला व्यायाम शोधून सापडणार नाही. लंगडीत एका पायावर पडणारा भार वाढत्या वयातली हाडे घट्ट करतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. तरीही इथल्या शाळांतून मुलींचे खेळणे सातवी-आठवीत बंद पडते. स्वच्छतागृह धड नसते, पाळीच्या दिवसांची सोय नसते, आणि मैदान मुलांनी अडवलेले असते. मुलींसाठी मैदानाची वेळ राखून ठेवली आणि सलवार-ट्रॅकपँटला गणवेशात जागा दिली, तर यातला बराच अडथळा विनाखर्च दूर होतो.

शाळेबाहेर मुलांच्या वाट्याला व्हॅन, शिकवणी आणि मोबाइल येतो. सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशा पाट्या लागतात. गाड्या उभ्या करायला मिळते तेवढी तरी जागा मुलांना मिळावी, हा ठराव सर्वसाधारण सभेत मांडणे कोणत्याही सभासदाला शक्य आहे. झोपेचाही इथे संबंध येतो. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि दुसऱ्या दिवशी अंग हलेनासे होते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. त्यातून मिळालेला वेळ शिकवण्यांनी गिळला नाही, तर प्राथमिक वर्गातल्या मुलांची झोप पुरी होईल आणि संध्याकाळी खेळायला अंगात ताकद उरेल.