थोरले कणीस आणि खच्ची गोऱ्हा

ज्वारीची कापणी झाली की घरची म्हातारी खळ्यावर बसून बियाण्याची कणसे वेगळी काढते. टपोरी, गच्च भरलेली कणसे. घरात दाणा संपला तरी त्यांना हात लावू देत नाही.

आता त्याच घरचा गोठा पाहा. जो गोऱ्हा अंगाने भरला तो वेळेवर खच्ची होतो आणि औताला लागतो, नाही तर बाजारात जातो. जो खुरटला त्याला गिऱ्हाईक नाही. तो मोकाट हिंडतो आणि गावच्या गायी फळवतो. पूर्वी देवाच्या नावाने का होईना, गाव एक चांगला वळू सोडत असे. आता बहुतेक गावांत तेही नाही. ज्वारीत थोरले कणीस राखणारा शेतकरी गोठ्यात खुरट्या कणसाचे बी पेरतो आहे.

निवडीने फरक पडतो किती? अमेरिकेतील मोन्टाना राज्यात माईल्स सिटी येथे सरकारी संशोधन केंद्र आहे. पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षाही कोरडा मुलूख. तेथे 1934 साली हेरेफोर्ड जातीचे दोन सावत्र भाऊ वळू घेऊन एक कळप सुरू झाला. बाहेरचा वळू आणायचा नाही आणि दूध तुटल्यावर वासरू किती वाढते ते काट्यावर पाहून पुढचा वळू ठरवायचा. वाढ पिढीगणिक चढत गेली. गायीच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला आराखडा 2009 साली प्रसिद्ध झाला, तो याच कळपातील एका गायीचा. तेथे गुरे मांसासाठी पाळतात, आपण औतासाठी. पण वासराच्या वाढीचा नियम दोन्हीकडे एकच.

त्याच देशात डोळ्यांनी निवडणाऱ्यांचे काय झाले, तेही ऐका. 1940 च्या दशकात प्रदर्शनांत ठेंगण्या, गोटीबंद हेरेफोर्डला बक्षिसे मिळत. बुटकेपणाचा दोष एकाच बाजूने आला तर जनावर फक्त जरा ठेंगणे दिसते, म्हणजे परीक्षकाला हवे तसे. दोन्ही बाजूंनी आला तर वासरू बुटके निपजते, धापा टाकते, कामाचे राहत नाही. बक्षिसाच्या वळूंबरोबर दोष कळपाकळपांत शिरला आणि 1950 च्या दशकात पैदासकारांच्या तोंडचे पाणी पळाले. आपल्या बाजारात दात, शिंगे, रंग पाहून आणि रुमालाखाली बोटे दाबून जे सौदे होतात, ते यापेक्षा शहाणपणाचे आहेत असे मला वाटत नाही.

वजनातला सगळा फरक रक्तातून येत नाही. एका घरी सरकी पेंड, दुसऱ्या घरी नुसता कडबा, तर पेंडीवरचा गोऱ्हा भारी दिसणारच. ते वजन पेंडीचे, ते पिलांत उतरत नाही. सारख्या चाऱ्यावर वाढलेल्या वासरांत वर्षाच्या वजनाचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण चाळीस टक्के आनुवंशिक असतो. समजा निवडलेला वळू बरोबरीच्यांपेक्षा 20 किलोने भारी. त्याचे चाळीस टक्के म्हणजे 8 किलो. वासरात बापाचा वाटा निम्मा, म्हणून 4 किलो. आकडा लहान आहे, पण तो प्रत्येक वासराला, फुकट आणि पुढच्या पिढीलाही. खुरटा वळू ठेवला तर हाच हिशेब उलटा चालतो. कृषी महाविद्यालयात हे सूत्र पाठ करून आम्ही गुण मिळवले. घरच्या गोऱ्ह्याला फीत लावायचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही.

एखादे जादूचे जनुक सापडेल अशी वाट कोणी पाहू नये. 2018 साली 58,265 गुरांच्या तपासणीतून उंचीशी संबंध असलेल्या 163 जागा सापडल्या. त्या सगळ्या मिळून उंचीतला जास्तीत जास्त 13.8 टक्के फरक समजला. बेल्जियन ब्लू जातीत मात्र एकाच जनुकातील बिघाडाने मांस दुप्पट दिसते. 1997 साली हे उघड झाले. तेथे गाय बहुधा पोट फाडूनच सोडवावी लागते. भारी वळूची वासरे जन्मतःही भारी असतात. आपल्या लहान चणीच्या गायीवर परदेशी भारी रक्त चढवताना गाय अडण्याचा धोका आधी पाहा.

मग आपल्याकडे वजनाची नोंद कोणी का ठेवत नाही? वजनाला भाव नाही म्हणून. मोन्टानाचा शेतकरी किलोकिलोचे पैसे घेतो, म्हणून त्याला काटा परवडतो. आपल्याकडे रेतन केंद्रावरचा वळू निवडला जातो तो दुधाच्या नावाने. बैलाची वाढ आणि ओढ कोणी नोंदवत नाही. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. उतरत्या बैलाची किंमत गेली आणि गोऱ्हा वाढवण्यातला उरलासुरला रसही गेला. ज्याची विक्री बंद, त्याची निवड बंद.

कायदा बदलेपर्यंत फीत तरी हाती घ्या. छातीचा घेर इंचांत मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 660 ने भागा. किलोत अंदाजी वजन मिळते. गावातल्या वर्षाच्या सगळ्या गोऱ्ह्यांची अशी मोजणी करा. शेजारी जन्मतारीख लिहा आणि पेंड मिळाली की नाही तेही लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. वहीतल्या पहिल्या दोन गोऱ्ह्यांना तोवर कोणी खच्ची करू नका.