मूल जेवत नाही? आधी तोंडात पाहा

कालपर्यंत आवडीने वरणभात खाणारे मूल आज घास पाहताच तोंड फिरवते. मग घरात दृष्ट काढली जाते, नाहीतर नाक दाबून घास कोंबला जातो. दोन्ही चूकच. अचानक नकार हा हट्ट नसून बहुधा दुखण्याची खूण असते. तोंड आले आहे का, घसा वा कान दुखतो का, ते पाहावे. गार पेज, दूध थोडे थोडे द्यावे. बळजबरीने घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

मात्र लाळ गळत असेल, पाणीही गिळवत नसेल, तर घशात नाणे किंवा बटणसेल अडकलेला असू शकतो. असा सेल २ तासांत अन्ननलिका जाळतो. तेव्हा केळे भरवत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. मूल मलूल पडले, लघवी कमी झाली, तरीही थांबू नये. एखादे जेवण बुडाले तर चालेल. कारण शोधायचे राहता कामा नये.