विधी महाविद्यालयाची निवड आणि मराठीचा पदवीधर

मराठी विषय घेऊन बी. ए. होणाऱ्यांपैकी काही विद्यार्थी दरवर्षी विधी शाखेकडे वळतात. ही वाट नवी नाही. १८७८ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष न्या. महादेव गोविंद रानडे होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपले विनोदी लेखन वऱ्हाडात वकिली करता करता केले. २०२३ च्या वर्धा संमेलनाचे अध्यक्ष न्या. नरेंद्र चपळगावकर एकेकाळी मराठीचे अध्यापक होते. तेव्हा एखादा विद्यार्थी एम. ए. सोडून एल. एल. बी.ला निघाला, की विभागात जो सुतकी चेहरा केला जातो त्याला फारसा अर्थ नाही. मात्र 'कोणते कॉलेज घेऊ?' या त्याच्या प्रश्नाला आपण मराठीचे अध्यापक जे उत्तर देतो, ते बहुधा ऐकीव असते. आमचा आक्षेप त्याला आहे.

आपण नावे सांगतो. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, स्थापना १८५५, डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये तेथे प्राचार्य झाले. पुण्याचे आय. एल. एस., स्थापना १९२४. तेथून यशवंतराव चव्हाण शिकून गेले आणि कराडला वकिली करू लागले. ही नावे मोठीच आहेत. पण कोणत्याही मोठ्या संस्थेत जागा मोजक्या असतात आणि विचारणारे पुष्कळ. ज्याला तेथे जागा मिळणार नाही त्याला आपल्याजवळ सांगण्यासारखे काय असते? 'जवळचे घे' एवढेच.

दुसरे नाव येते ते राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे. १९८७ साली बंगळूरला माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संस्थेने बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि 'दुसरे काही जमले नाही म्हणून लॉ' हा शिक्का पुसायला मोठा हातभार लावला. आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठे आहेत. पण त्यांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दार बारावीला उघडते. पदवी घेऊन आलेल्या मुलाला ते नाव सांगणे म्हणजे गाडी सुटल्यावर वेळापत्रक दाखवणे होय. (बंगळूरने २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे, पण त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी आणि तीही इंग्रजीतच.)

या विद्यापीठांसाठी २००८ पासून घेतली जाणारी 'क्लॅट' ही परीक्षा फक्त इंग्रजीतून होते. २०२० पासून तिचे स्वरूप बदलले. आता उतारे देतात आणि त्यांवर प्रश्न विचारतात. उतारा सावकाश वाचणे, लेखकाने काय गृहीत धरले आहे ते ओळखणे, युक्तिवाद कोठे लंगडा पडतो ते दाखवणे, ही कौशल्ये साहित्याच्या वर्गातलीच आहेत. मराठीतून ती उत्तम कमावलेला विद्यार्थी या परीक्षेत मागे पडतो, कारण तेथे वाचनाची पारख होते ती एकाच भाषेत. इतर भारतीय भाषांतही ही परीक्षा व्हावी, अशी याचिका २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेली होती. आमच्या मते ती मागणी रास्त होती. पण शुल्काची गोष्टही उरतेच. वर्षाला काही लाख रुपये हा आकडा आमच्या वर्गांतील बहुतेक घरांच्या हिशेबात बसत नाही.

मग राहते राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम. ही परीक्षा २०१६ पासून होते आणि ती मराठीतूनही देता येते. पुढे अनेक ठिकाणी उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा असते. सनद टिकवण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षाही मराठीतून देता येते. वरवर पाहता सगळा मार्ग मराठीचाच दिसतो, आणि येथेच फसगत होते. मुभा असणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. वर्गात अर्धवट इंग्रजी, घरी मार्गदर्शकातली अर्धवट मराठी, अशा स्थितीत मुलगा तीन वर्षे काढतो आणि शेवटी त्याला धड इंग्रजी निकालपत्र वाचता येत नाही, धड मराठी कैफियत लिहिता येत नाही.

वास्तविक दोन्हींची गरज आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने अन्य भाषेच्या वापराला अनुमती देता येते. तशी ती राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथे हिंदीला मिळाली. मराठीला मिळालेली नाही. उलट जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. आमचे बहुसंख्य विद्यार्थी उभे राहणार आहेत ते तेथे. तेथील कागद कोणते? फिर्याद, पंचनामा, जबाब, खरेदीखत, बक्षीसपत्र, सात-बाराचा उतारा, फेरफार. या कागदांची मराठी आपल्या अभ्यासक्रमातील मराठीहून निराळी आहे. तिच्यात फारसी शब्द आहेत, मोडीतून आलेल्या सवयी आहेत, लेखनिकाच्या हाताची वळणे आहेत.

एक उदाहरण घ्या. मृत्युपत्रात लिहिलेले असते की, माझे पश्चात माझ्या पत्नीने या जमिनीचा हयातभर उपभोग घ्यावा व तद्नंतर ती मुलांकडे जावी. या 'उपभोगा'त विकण्याचा अधिकार येतो काय? 'हयातभर' हा शब्द तिच्या हक्काला मर्यादा घालतो, की मुळातच तिला असलेल्या पोटगीच्या हक्कापोटी हे देणे आहे? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ च्या दोन पोटकलमांपैकी कोणते लागू होते यावर एका विधवेची जमीन राहते किंवा जाते. तो निर्णय करताना कागदातला प्रत्येक शब्द, त्याचे स्थान, आधीच्या वाक्याशी असलेले त्याचे नाते तपासावे लागते. हे काम आणि कवितेच्या ओळीचा अर्थ लावणे यांत फरक आहेच. कवितेचा अर्थ चुकला तर कोणाचे घर जात नाही. पण सवय एकच आहे. ती घेऊन आलेल्या मुलाला जे महाविद्यालय असे कागद हाताळायला देते, ते त्याच्यासाठी चांगले. राष्ट्रीय क्रमवारीत त्याचे नाव नसले तरी आम्ही तेच सुचवू.

हे ओळखायचे कसे? ग्रंथालयात नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे खंड आहेत काय, आणि असल्यास त्यांवर धूळ किती, हे पाहावे. भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' तेथे असावा. अभिरूप न्यायालयात एखादा खटला मराठीतून चालवू देतात काय, तेही विचारावे. विधी साहाय्य केंद्राची पाटी सगळीकडे असते, पण तेथे गावातली माणसे खरोखर येतात काय? तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांचे प्रत्यक्ष काम बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत सांगितले आहे. ते जिल्हा न्यायालयातील वकिलांकडे होते, की नुसते प्रमाणपत्र मिळते, हे माजी विद्यार्थी बरोबर सांगतात.

सर्वांत अवघड बाब हजेरीची. त्याच नियमांनी ७० टक्के हजेरीची अट घातली. आणि तरीही 'तिथे यावे लागत नाही' हीच काही महाविद्यालयांची खरी जाहिरात असते. नोकरी करणाऱ्या मुलाला तिचा मोह पडला तर त्याला दोष देणे आम्हाला जड जाते. पण अशा वेळी त्याला सकाळी वर्ग भरवणारे महाविद्यालय शोधायला सांगावे. न भरणाऱ्या वर्गाचे नाव तरी आपल्या तोंडून जाऊ नये.

ही चौकशी निकाल लागल्यावर होत नाही, कारण तेव्हा प्रवेशफेऱ्यांची घाई असते. ती तृतीय वर्षातच, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास करावी. विद्यार्थ्याने एखाद्या मंगळवारी सकाळी साडेसातला न कळवता जावे, कोणत्याही वर्गाच्या मागच्या बाकावर परवानगी घेऊन बसावे, आणि तासाला किती जण आले व शिक्षकांनी हातात संहिता घेतली की मार्गदर्शक, एवढे पाहून यावे. दोघे जण मिळून गेले तर अधिक बरे, एस. टी.त परतताना बोलायला सोबत होते.