स्टेशन येईल, त्याआधी

रेल्वेच्या वेळापत्रकात हसनाबाद नावाचं स्टेशन आहे. कोलकात्याच्या सियालदहहून तिथे लोकल गाड्या जातात आणि इछामती नदीच्या काठाजवळ त्यांचा प्रवास संपतो. पण ते हसनाबाद पश्चिम बंगालमधलं. आमचं हसनाबाद जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं. इथल्या माणसाला रेल्वेने कुठे जायचं तर आधी जालना गाठावं लागतं. एसटी मिळाली तर एसटीने, नाही तर काळी-पिवळीने. सोबत म्हातारी माणसं, लहान मुलं आणि लग्नघरचं सामान असेल, तर गाडीत बसण्याआधीच निम्मा प्रवास झाल्यासारखा थकवा येतो.

त्यामुळे कुठे नवीन स्टेशन उघडल्याची बातमी आली की आम्ही ती दोनदा वाचतो. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखवला. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ च्या सुमारास. त्या वर्षी जन्मलेलं मूल गाडी आली तेव्हा तिशीचं झालं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत गाडी आली आणि त्यानंतर तीन वर्षांनी बीडपर्यंत. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या लोकांचा आनंद आम्हाला कळतो. बीडकरांना आमच्याकडून मनापासून मुबारकबाद.

आता आमच्या तालुक्याची पाळी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. अंदाजे खर्च ७,१०६ कोटी रुपये, त्यातला निम्मा वाटा राज्य सरकारचा. मार्ग राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जळगावला जाणार. मंजुरीच्या वेळी काम पूर्ण करण्याचं उद्दिष्ट २०३०-३१ सांगितलं गेलं. इन्शाअल्लाह, तेव्हापर्यंत आमच्या तालुक्याच्या जमिनीवरून रेल्वे धावेल.

हे आमच्यासाठी किती मोठं आहे ते बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी हे व्यापारी मार्गावरचं शहर होतं. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहे. असं गाव रेल्वेच्या काळात मात्र बाजूला पडलं. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्ग झाला तो जालना, औरंगाबादवरून. तोही मीटरगेज. मनमाडला रुंद रूळ होते, म्हणून तिथे माणसांना गाडी बदलावी लागे आणि मालही उतरवून पुन्हा चढवावा लागे. ही अडचण संपायला १९९० चं दशक उजाडलं. जालन्याला स्टेशन होतं म्हणून तिथली बाजारपेठ वाढली. भोकरदन, सिल्लोडच्या शेतकऱ्याचा माल बैलगाडीने आणि नंतर ट्रकने तिथे जात राहिला.

म्हणून आम्हालाही रेल्वे हवीच आहे. पण बीडची बातमी वाचताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. उद्घाटन एका दिवसाचं असतं. स्टेशन कोणाच्या उपयोगी पडणार हे मात्र त्या दिवसाच्या कितीतरी आधी ठरू लागतं आणि नंतरही ठरत राहतं. नारळ फुटतो तेव्हा मांडवात सगळे असतात. जमीन मोजली जाते आणि गाडीची वेळ ठरते, तेव्हा तिथे फार थोडे असतात. त्या थोड्यांमध्ये आपल्या घरचं कोणी आहे का, एवढंच या महिन्यात विचारायचं आहे.

आधी वेळेचं बघू. सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी सकाळी सातच्या आत अहिल्यानगरहून निघायची आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास बीडला पोहोचायची. मग एक वाजता बीडहून निघून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पुन्हा अहिल्यानगर. रविवारी बंद. आता बीडमधल्या एखाद्या आजीला अहिल्यानगरला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे असं समजा. ती संध्याकाळी पोहोचणार. तेव्हा तपासणीची वेळ संपत आलेली, म्हणून पहिली रात्र मुक्काम. दुसऱ्या दिवशी तपासणी होईल, पण परतीची गाडी त्या दिवशी सकाळीच निघून गेलेली, म्हणून दुसरी रात्र मुक्काम. एका दिवसाच्या कामासाठी दोन रात्री. अशा वेळी आजीचा मुलगा स्वस्त तिकीट सोडून एसटीच धरेल. मग पुढे कोणी तरी म्हणेल की लोक गाडीत बसतच नाहीत.

गाडी सुरू झाली हेच मोठं, वेळा पुढे बदलतील, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही. नवीन मार्गावर गाड्या हळूहळूच वाढतात. पण वेळ आपोआप बदलत नाही. मागणाऱ्याला कोणती वेळ हवी आणि का हवी, हे लेखी सांगावं लागतं. आमच्या भागाचंच पाहा. जालना कॉलेजला जाणाऱ्या मुलीला दहाच्या आत पोहोचायचं असतं आणि अंधार पडण्याआधी घरी परतायचं असतं. औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात दाखवायचं असेल तर केसपेपरच्या रांगेत सकाळीच उभं राहावं लागतं. बाजारच्या दिवशी भाजी घेऊन जाणाऱ्या बाईला पहाटेची गाडी लागते. मुंबईला जाणारी वेगवान गाडी जालन्याला आहे, ती चांगलीच आहे. पण या मुलीला, या रुग्णाला आणि या बाईला रोजची, सगळीकडे थांबणारी साधी पॅसेंजर लागते.

इथे एक अडचण आताच दिसते. जालना दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं. जळगाव मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. म्हणजे आमचा मार्ग दोन वेगळ्या रेल्वेंना जोडणारा. जळगावहून मुंबई, नागपूर, सुरत अशा सगळ्या दिशा खुल्या होतात. आज त्यासाठी आम्हाला मनमाडला वळसा घालावा लागतो. पण आमची गाडी जळगावला पोहोचायच्या दहा मिनिटं आधी सुरतेची गाडी निघून गेली, तर तो फायदा कागदावरच राहील. दोन्ही विभागांनी एकमेकांच्या वेळा पाहून गाड्या जुळवाव्यात, ही मागणी रूळ टाकण्याआधीपासून करायला हवी.

दुसरी गोष्ट गाव ते स्टेशन या अंतराची. रेल्वेचा रूळ चढ, उतार आणि वळण पाहून जातो. गावाची वेस पाहून जात नाही. म्हणून नवीन स्टेशनं पुष्कळदा गावापासून दूर असतात. कोकणातल्या आमच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण रत्नागिरीचं स्टेशन शहरापासून काही किलोमीटरवर. रात्रीच्या गाडीने उतरलेल्या कुटुंबाला पुढचे तेवढे किलोमीटर रिक्षावाला सांगेल त्या भावाने जावं लागतं. आणि जिथे लांबच्या गाड्या थांबतच नाहीत, त्या गावांनी तर आपल्या दारावरून जाणाऱ्या गाड्या फक्त मोजायच्या.

आमचं हसनाबाद ठरलेल्या मार्गावरच्या मुख्य गावांच्या यादीत नाही. आमचं स्टेशन म्हणजे शेजारचं राजूर किंवा भोकरदन असेल. मग हसनाबादहून तिथे गाडीच्या वेळेला एसटी असेल का? रस्त्यावर दिवे असतील का? फलाटावर सावली, पिण्याचं पाणी, बायकांसाठी कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार असेल का? या गोष्टी लहान वाटतात, पण घरातली मुलगी एकटी प्रवास करणार की नाही हे यांवरच ठरतं. आपल्या घरांमध्ये कॉलेज सुटतं ते पुष्कळदा फीमुळे नाही, संध्याकाळच्या अंधाऱ्या रस्त्यामुळे सुटतं. अब्बा नाही म्हणतात तेव्हा त्यांना मुलीच्या शिक्षणाचा राग नसतो, त्या रस्त्याची भीती असते. ती भीती रस्त्यावर दिवे आणि वेळेवर बस आणून घालवता येते.

मुसाफिराची सोय हा आपल्याकडे केवळ सरकारचा विषय नाही. जकात कोणाला द्यावी याचे जे आठ हकदार कुरआनने सांगितले, त्यांत एक वाटसरू आहे. वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे आपण मुलांना लहानपणी शिकवतो. मग स्टेशनच्या वाटेवरचा खड्डा आणि बंद दिवा या गोष्टी आपल्या नाहीत असं कसं म्हणता येईल? ज्या वाटेने आपली मुलगी सुखरूप येईल, त्याच वाटेने गावातली प्रत्येक मुलगी येईल, कुठल्याही घरातली असो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे आणि ती उद्घाटनाच्या बरीच आधी येते. ती म्हणजे जमीन. रूळ हवेतून जात नाही. कोणाच्या तरी शेतातून जातो. ज्यांची जमीन जाणार त्यांना मोबदला मिळणार आणि तो सरकारी नोंदीतल्या नावांप्रमाणे मिळणार. आता आपापला सातबारा काढून बघा. कित्येक घरांत अजून आजोबांचं नाव आहे, ज्यांचा इंतकाल होऊन वीस वर्षं झाली. कित्येक घरांत वारस नोंद झाली, पण फक्त भावांची. बहिणी लग्न होऊन गेल्या आणि त्यांची नावं कागदावर कधी चढलीच नाहीत.

कोरडवाहू जमिनीचा तुकडा होता तोवर याची चर्चा नव्हती. मोबदल्याचा आकडा आला की ती सुरू होते. मग बहिणीला ईदच्या निमित्ताने बोलावलं जातं, शिरखुर्मा होतो आणि ताट उचलल्यावर हक्कसोडपत्र पुढे येतं. ती माहेर तुटू नये म्हणून सही करते. बाहेर सगळे म्हणतात, तिने आपल्या मर्जीने सोडलं. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो भावाची मेहेरबानी नाही आणि बहिणीने मागितला म्हणून ती लालची ठरत नाही. खरंच मर्जीने सोडायचा असेल, तर आधी तो तिच्या नावावर चढू द्या, रक्कम किती ते तिला कळू द्या, मग तिला ठरवू द्या. हिस्सा हातात आल्यावर दिलेली भेट आणि हातात येण्याआधी घेतलेली सही यांत फरक आहे.

शिवाय यात भावांचाही फायदा आहे. नावांचा वाद राहिला तर मोबदला अडकतो, प्रकरण कोर्टात जातं आणि वर्षानुवर्षं चालतं. शेजाऱ्याचा पैसा बँकेत येतो, आपला तारखांमध्ये अडकतो. वारस नोंद आजच केली तर काही महिन्यांचं काम आहे. भूसंपादनाची नोटीस हातात पडल्यावर तेच काम भांडणाचं होतं.

तर या महिन्यात करायची कामं तीन. पहिलं, सातबारा आणि फेरफार काढून घरातल्या सगळ्यांनी, बहिणींसह, एकत्र बसून वाचणं आणि राहिलेली वारस नोंद करायला तलाठी कार्यालयात जाणं. दुसरं, ग्रामसभेत ठराव मांडणं: स्टेशनपर्यंत पक्का रस्ता, दिवे, गाडीच्या वेळेला एसटी आणि सकाळ-संध्याकाळची पॅसेंजर. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ती बऱ्याच गावांत रजिस्टरवरच होते. या वेळी आपल्या घरातल्या बायकांनी तिथे जाऊन बसावं आणि वेळ त्यांनीच सांगावी, कारण मुलीला किती वाजता घरी यायला हवं हे त्यांना नेमकं माहीत असतं. तिसरं, त्या ठरावाची प्रत खासदारांकडे आणि दोन्ही रेल्वे विभागांकडे पाठवून पोच जपून ठेवणं. ठराव एकट्या मोहल्ल्याचा नको, साऱ्या गावाचा हवा. अंधाऱ्या रस्त्याची अडचण सगळ्यांना सारखीच आहे.

सातबारा आता मोबाइलवरही दिसतो. जुम्याची नमाज झाली, जेवणं आटोपली की घरातल्या शिकलेल्या मुलीला तो उघडायला सांगा आणि मोठ्याने वाचायला लावा. त्यात तिच्या फुफीचं नाव आहे का, हे तीच सगळ्यांत आधी विचारेल.