तांब्याला बाण कळत नाही

महागड्या ऑडिओ केबलच्या वेष्टनावर एक छोटा बाण छापलेला असतो. त्याचं टोक स्पीकरकडेच हवं, नाहीतर आवाजातली जान जाईल, असं विक्रेता बजावतो. त्यामागचा युक्तिवाद असा: तांब्याची तार साच्यातून ओढून बारीक करतात, ओढताना धातूच्या स्फटिककणांना एक कल येतो आणि त्या कलाच्या दिशेनं संकेत अधिक स्वच्छ जातो. ऑडिओक्वेस्ट ही अमेरिकी कंपनी तर ओढलेल्या प्रत्येक तारेला दिशा असते, असंच सांगते.

ओढल्यानं कण लांबट होतात, हे खरं. पुढचं टिकत नाही. संगीताचा विद्युत्संकेत एका दिशेनं वाहतच नाही; तो सेकंदाला 20 ते 20,000 वेळा मागेपुढे होतो. शिवाय स्पीकरच्या केबलमध्ये तारा दोन. एकीतून प्रवाह जातो त्याच क्षणी दुसरीतून तो परत येतो. मग बाण नेमका कोणत्या तारेचा? आणि स्पीकरच्या आत कॉइलला गुंडाळलेली तार कोणत्या टोकानं ओढली होती, याची चौकशी कुणीच करत नाही!

एका दिशेला वीज सोडायची आणि दुसऱ्या दिशेला अडवायची, हे काम रेक्टिफायरचं. 1920च्या दशकात ते तांब्यापासूनच बनत, पण त्यासाठी तांब्यावर ऑक्साइडचा थर द्यावा लागे. नुसती तार अशी वागली असती तर मुळात नसलेले सूर संकेतात मिसळले असते, आणि लाखाव्या हिश्शाइतकी भेसळही आजची मोजयंत्रं पकडतात. स्टुडिओत तर माइकचा आवाज ज्या तारांतून मिक्सरकडे येतो, त्याच तारांतून 48 व्होल्टची फँटम पॉवर उलट माइककडे जाते. आवाजाचं काही बिघडत नाही.

तरीही कळस गाठला तो डेनॉननं. 2008च्या सुमारास या कंपनीनं 499 डॉलरची एक डिजिटल केबल विकायला काढली, दिसायला साध्या नेटवर्क केबलसारखी. तिच्यावरही दिशेची खूण होती.

म्हणून प्रत्येक बाण थापच, असं म्हणणाराही घाई करतो. काही आरसीए केबलमध्ये संकेताच्या दोन तारा वेगळ्या असतात आणि भोवतीची जाळी एकाच टोकाला, बहुधा सीडी प्लेअरसारख्या उगमाच्या बाजूला, जोडलेली असते. दोन यंत्रांमधला अर्थिंगचा प्रवाह जाळीतून वाहू नये, हा हेतू. इथे बाण जोडणीची खरी माहिती देतो. फरक पडलाच तर गुणगुण आणि बाहेरून शिरणाऱ्या गोंगाटात पडेल. गायिकेचा गळा अधिक गोड होणार नाही.

एक्सएलआर केबलला बाणाची गरजच नसते: पिनांचं टोक ज्या बाजूला, तिकडे आवाज जातो, हे मंडपातल्या साउंडवाल्यालाही ठाऊक असतं. ऑप्टिकल एचडीएमआय केबलला मात्र खूण हवीच, कारण तिच्या एका टोकात प्रकाश सोडणारा लेझर असतो आणि दुसऱ्यात तो टिपणारा डायोड. ती उलटी लावली की पडदा काळाच राहतो. आरसीए केबल बनवणाऱ्यांनी बाणाशेजारी ‘जाळी या टोकाला जोडली आहे’ एवढं छापायला हरकत नसावी. ज्यांच्या केबलमध्ये तसं काही केलेलंच नाही, त्यांनी तिथे काय छापायचं ते ठरवावं.