चुन्याची पुडी आणि बुबुळाचा राब

परवा भिवपुरी स्टेशनबाहेरच्या टपरीवर एक पाच-सहा वर्षांचा पोरगा चुन्याची पुडी दोन्ही हातांनी दाबत उभा होता. बाप शेजारीच तंबाखू मळत होता. मी पुडी काढून घेतली, तर बाप हसून म्हणाला, "गुरुजी, चुनाच आहे तो, विष थोडंच आहे?"

तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर राहून गेलं. ते इथे देतो.

खरं तर बोलायचा अधिकार मला कमीच. नोकरीची कितीतरी वर्षं माझ्याही खिशात चुन्याची डबी असायची, आणि ती संपली की वर्गातल्याच एखाद्या मुलाला मी टपरीवर पिटाळायचो. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, म्हणूनच लिहितो आहे.

पातळ प्लास्टिकची पुडी दाबली की फुटते आणि आतला चुना सरळ तोंडावर उडतो. अशा मुलांच्या नोंदी आपल्याच देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी छापल्या आहेत. चुना हा अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट. आम्लाने वरचं प्रथिन गोठतं आणि बरेचदा तोच थर आम्लाला अडवतो. अल्क मात्र पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत आत शिरतो. त्यात चुन्याचे कण पापणीखाली अडकले, तर जाळण्याचं काम चालूच राहतं.

यावर शिकलेली माणसं म्हणतात, "आता विज्ञान पुढे गेलंय, जखम भरून काढणारे थेंब निघालेत." निघालेत, खोटं नाही. शरीरात जखम भरायचा निरोप देणारी काही प्रथिनं असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. आपल्या अश्रूंतही ती असतात. त्यातलं एक स्टॅनले कोहेन यांना कसं सापडलं? त्यांनी टोचलेल्या अर्कामुळे उंदरांच्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले! या कामासाठी त्यांना 1986 साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. रोग्याच्याच रक्तातल्या द्रवापासून केलेले थेंबही डॉक्टर वापरतात.

पण निरोप ऐकायला कुणीतरी जिवंत हवं ना? भात लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपण आधी राब भाजतो, त्यात रोपं वाढवतो आणि मग ती शेतात लावतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा राब त्याच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं तिथे असतो. तिथल्या मूळ पेशींपासून नव्या पेशी होतात आणि मध्याकडे सरकतात. म्हणूनच साधा ओरखडा दोन-चार दिवसांत भरतो. चुना हा राबच जाळतो. राब जळाल्यावर शेतात कितीही खत टाका, रोप कुठून येणार? मग पांढऱ्या भागावरचं कातडं रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढतं आणि नजर झाकून टाकतं.

यावरही उपाय आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी एक शस्त्रक्रिया बसवली आणि 2012 मध्ये ती प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा सुमारे 2 मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि ते जखमी डोळ्यावर लावायचे. आपली लावणीच ती! पण त्यासाठी दुसरा डोळा शाबूत हवा. दोन्ही डोळ्यांत चुना उडाला तर?

"आईबापांनी लक्ष द्यावं," हा दुसरा युक्तिवाद. द्यावंच. पण पोरासमोर दिवसभर पुडी लटकत ठेवायची आणि दोष आईला द्यायचा, हा कुठला न्याय? 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. तंबाखूच्या पुडीवर धोक्याचं चित्रही असतं. चुना तंबाखू नव्हे, म्हणून तो सुटला! चुन्याच्या पुडीवर "डोळ्यांना जपा" असं ठळक लिहिलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की चुना फिरकीच्या झाकणाच्या जाड डबीतच विकावा, त्यावर इशारा छापावा, आणि लहान मुलाच्या हाती तो देऊ नये. यात कुणाचा धंदा बुडत नाही.

आणि तरीही चुना डोळ्यात गेलाच, तर तूप, मध, दूध, लिंबू काहीही घालू नका. वाहनाची वाट बघत बसू नका. पापण्या उघड्या धरून नळाच्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवा, आणि मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. राब वाचला तर तो इथेच वाचेल, घरातल्या नळाखाली. मुंबईला पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

तर त्या बापाला माझं उत्तर असं: विष नसेल, पण मुलाच्या हातात द्यायची वस्तू नव्हे. मी दिली होती. माझ्या कुणा विद्यार्थ्याचा डोळा गेला नाही, हे माझं नशीब. त्यात माझं शहाणपण काहीच नव्हतं.