हरलेल्या डावाची उजळणी

बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये २०२४ साली खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत भारताने सुवर्णपदक मिळविले. खुल्या संघात आपल्या नाशिकचे विदित गुजराथी होते, महिला संघात नागपूरच्या दिव्या देशमुख होत्या, आणि पुढच्याच वर्षी दिव्या यांनी बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताबही संपादन केला. या यशानंतर महाराष्ट्रातील कितीतरी घरांत बुद्धिबळाचा पट नव्याने उघडला गेला असेल, आणि ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. परंतु ज्या घरांना शिकवणीची फी परवडते, ज्यांच्या वडीलधाऱ्यांना रजा काढून मुलाबरोबर स्पर्धेच्या गावी मुक्काम करता येतो, त्या घरांच्या उंबरठ्यापाशीच हा आनंद थांबावा काय, असा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. आणि नफ्याची अपेक्षा न धरता वस्त्यांमधून, पालिकेच्या शाळांमधून व वसतिगृहांमधून मुलांना बुद्धिबळ शिकविणाऱ्या ज्या संस्था व मंडळे आज ठिकठिकाणी उभी राहत आहेत, त्यांचे मोल या प्रश्नामुळेच मोठे ठरते. शिक्षण आणि लोकसंस्था हा या स्तंभाचा नेहमीचा विषय असल्यामुळे, या कार्याकडून समाजाने कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये, याचा विचार आज येथे करावयाचा आहे.

प्रथम, अपेक्षा कशाची करू नये ते पाहू. बुद्धिबळ शिकले की गणित सुधारते, स्मरणशक्ती वाढते, परीक्षेत गुण अधिक पडतात, असे आश्वासन पालकांना आणि देणगीदारांना सर्रास दिले जाते. इंग्लंडमधील शंभर प्राथमिक शाळांत या समजुतीची रीतसर तपासणी झाली; नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभरात तीस तास बुद्धिबळ शिकविण्यात आले, आणि त्यानंतर एक वर्षाने त्यांची परीक्षा घेतली असता, ज्यांना हे शिक्षण मिळाले नव्हते अशा मुलांपेक्षा त्यांचे गणित, वाचन अथवा विज्ञान अधिक चांगले झाल्याचे काही आढळले नाही. २०१६ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांना खेळ आवडला होता, शिक्षकही समाधानी होते. परंतु गुणपत्रिकेवर त्याची नोंद उमटली नाही. आर्मेनियाने २०११ पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला आहे, आणि त्या लहानशा देशाची या खेळावरील निष्ठा आदरास पात्र आहे. तथापि एखाद्या राष्ट्राची निष्ठा म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हा गुणांचे आमिष दाखवून जी संस्था वर्ग भरविते, तिचा वर्ग पहिल्या चाचणी परीक्षेच्या निकालानंतर ओस पडला, तर दोष मुलांना देता येणार नाही.

मग या खेळाने मुलाला द्यावयाचे ते काय? माझ्या मते त्याचे उत्तर डाव चालू असताना सापडत नाही. डाव संपल्यावर जी दहा-पंधरा मिनिटे जातात, त्यांत ते असते. एका वस्तीतील समाजमंदिरात असा वर्ग मी पाहिला. सतरंजीवर मांडलेल्या एका पटासमोर दोन मुले बसली होती. पांढऱ्या सोंगट्या घेऊन खेळणाऱ्या मुलाला दूरवर एक प्यादे फुकट मिळताना दिसले, आणि त्याने मोठ्या उत्साहाने वजीर घरातून काढून ते टिपले. वजीर हलला, तसे उंटासमोरचे जे प्यादे त्याच्या आधारावर उभे होते ते निराधार झाले. समोरच्या मुलीचा घोडा तेथे येऊन बसला, राजाला शह लागला, आणि त्याच घोड्याच्या टप्प्यात कोपऱ्यातला हत्तीही सापडला. राजा हलविणे भागच होते; हत्ती गेला, आणि काही चालींनी डावही गेला. मुलाने हात मिळविला खरा, पण तो उठू लागला तेव्हा मुलगी म्हणाली, "थांब ना, परत मांडू." तिने सोंगट्या जशा होत्या तशा पुन्हा लावल्या, वजीर त्याच्या घरी ठेवला आणि विचारले, "इथं तुला काय दिसत होतं?" मुलगा म्हणाला, "प्यादं." "आणि माझा घोडा?" मुलगा बराच वेळ पटाकडे पाहत राहिला, आणि मग स्वतःच म्हणाला, "वजीर हलवायचाच नव्हता." शिकविणाऱ्या ताई शेजारीच उभ्या होत्या, त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्यातच त्यांचे अध्यापनकौशल्य मला दिसले.

आपल्या शिक्षणव्यवस्थेत चुकीची गत काय होते, हे आठवून पाहिले म्हणजे या प्रसंगाचे महत्त्व ध्यानी येईल. उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईची रेघ पडते, गुण वजा होतात, ती पत्रिका दप्तरात जाते आणि तेथून रद्दीत. चूक का झाली, त्या क्षणी मुलाच्या मनात काय होते, हे विचारावयास कोणाला सवड नसते, आणि ज्या मुलाचे उत्तर बरोबर आले त्याला तर चुकलेल्याशी बोलण्याचे कारणच उरत नाही. बुद्धिबळाच्या पटावर मात्र जिंकणारा आणि हरणारा हे दोघे मिळून हरलेल्याच्या चुकीचा शोध घेतात. फाशांचे दान नाही, पंचाची मेहेरबानी नाही, मैदान निसरडे नाही, त्यामुळे दोष टाकावयास दुसरी जागा उरत नाही, आणि तरीही त्या दोषाची लाज वाटू नये अशी सोय त्या खेळाच्या शिरस्त्यातच आहे. आपला निर्णय आपलाच होता, तो चुकला, आणि चुकला तरी तो नीट पाहता येतो व पुढच्या डावात सुधारता येतो, ही जाणीव ज्या मुलाच्या अंगी मुरली, त्याला मी सुशिक्षित म्हणेन. ज्या मुलांना घरी आणि दारी चूक म्हणजे मार अथवा हेटाळणी एवढाच अर्थ ठाऊक असतो, त्यांना या शिक्षणाची गरज सर्वांत अधिक असते.

ज्यांच्या आयुष्यातील चूक न्यायालयाच्या निकालपत्रात कायमची नोंदली गेली आहे, अशा माणसांनाही हा खेळ जवळचा वाटावा, यात म्हणून मला नवल वाटत नाही. इंडियन ऑइलच्या 'परिवर्तन' या उपक्रमातून आणि ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या येरवडा कारागृहातील बंदिवानांनी बुद्धिबळाचा अभ्यास केला, आणि २०२३ साली कैद्यांसाठी भरलेल्या आंतरखंडीय ऑनलाइन स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले.

परंतु हरलेल्या डावाची अशी उजळणी एका दिवसात साधणारी नाही. तिला वेळ लागतो, शिकविणारा लागतो, आणि मुख्य म्हणजे तोच शिकविणारा पुढच्या आठवड्यातही यावा लागतो. आपल्याकडील पुष्कळ उपक्रम नेमके येथेच अडतात. पट वाटले जातात, पाहुण्यांच्या हस्ते पहिली चाल होते, छायाचित्रे निघतात, आणि सहा महिन्यांनी त्याच शाळेच्या कपाटात एक घोडा व दोन प्यादी कमी असलेले संच धूळ खात पडलेले असतात. सातत्य म्हणजे काय, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावयास नको. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नावाशी कायमचे निगडित झालेले सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा भरवीत आले आहे. आणि ज्या गावातून भाग्यश्री साठे, म्हणजेच पुढच्या भाग्यश्री ठिपसे, यांच्यासारखी राष्ट्रीय विजेती व त्यानंतरच्या पिढीत स्वाती घाटे यांच्यासारखी खेळाडू पुढे आली, त्या गावाने हे यश एखाद्या समारंभाने मिळविलेले नाही. पेशवाईच्या अखेरच्या दशकात, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ इंग्रजीत उतरून मुंबईत छापला गेला. म्हणजे या खेळाचे शास्त्र आपल्या प्रांती जुनेच आहे. पण ते दरबारच्या आणि विद्वानांच्या आश्रयाला होते. ते उचलून गावच्या सभागृहात आणण्याचे काम सांगलीसारख्या मंडळांनी केले. तेथून वस्तीत आणि पाड्यात नेण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.

हा खेळ खरोखर किती दूर नेता येतो, याची साक्ष दृष्टिहीनांच्या बुद्धिबळाने दिली आहे. मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी, स्वतः दृष्टी गमावलेली असताना, दृष्टिहीन खेळाडूंसाठी अखिल भारतीय संघटना उभारली. त्यांच्या पटावरील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र आणि प्रत्येक सोंगटीला खुंटी असते, काळ्या सोंगट्यांच्या माथ्यावर बोटाला कळेल असे टोक असते. सोंगटी छिद्रातून उचलली तरच तिला हात लावला असे मानतात. त्यामुळे खेळाडू हव्या तितक्या वेळा बोटांनी सारा पट वाचू शकतो, आणि चाल केली की ती मोठ्याने सांगतो. डोळस प्रतिस्पर्धी समोर बसला तरी डावाचे नियम बदलत नाहीत, सवलत म्हणून एखादे प्यादेही कोणी सोडत नाही. दयेवाचून मिळणारी अशी समानता आमच्या समाजात फार थोड्या ठिकाणी आढळते, आणि अंधांसाठी कार्य करणारी नॅबसारखी संस्था ज्या नाशिक शहराच्या सातपूर भागात आहे, त्या शहराने या समानतेचे मोल जाणले पाहिजे.

दुसरी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. बुद्धिबळ खेळावयास स्वस्त, पण स्पर्धेत उतरावयास महाग आहे. काही शे रुपयांत पट आणि सोंगट्या येतात. परंतु मानांकनाच्या स्पर्धेला प्रवेशशुल्क असते, ती अनेक दिवस चालते, मुलाबरोबर एक मोठे माणूस जावे लागते, त्याची रोजंदारी बुडते, मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च वेगळाच. विदित गुजराथी यांनी २००८ साली व्हिएतनाममध्ये चौदा वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळविले, तेव्हा त्यांच्या बुद्धीबरोबर एका सुशिक्षित कुटुंबाचा त्यागही उभा होता. तितकीच बुद्धी सुरगाण्याच्या एखाद्या मुलीत असेल, तर तिच्यामागे कोण उभे राहणार? नायजेरियातील टुंडे ओनाकोया लागोसच्या एका केशकर्तनालयात हा खेळ शिकले. २०१८ साली त्यांनी झोपडवस्त्यांतील मुलांसाठी संस्था काढली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या भर चौकात सलग साठ तास खेळून त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी जगापुढे हात पसरला. त्यांच्या निश्चयापुढे मस्तक नमते. पण एका माणसाला साठ तास जागावे लागते, तेव्हा बाकीच्या साऱ्यांनी आपापल्या वाट्याचा एक तास दिलेला नसतो, हेही विसरता कामा नये.

आपल्या जिल्ह्यात हा तास देण्याची सोय आहे. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्य दप्तर नाशिकमध्येच आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांत शासकीय आश्रमशाळा आहेत, आणि दादासाहेब बिडकरांनी उभारलेल्या डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी चालविलेल्या शाळाही आहेत. आश्रमशाळेतील मूल संध्याकाळी घरी जात नाही. त्याची संध्याकाळ लांब असते, आणि पावसाळ्यात तर मैदानही मिटलेले असते. हीच बुद्धिबळाची वेळ. याउलट गावच्या शाळेतील मुले द्राक्षांच्या हंगामात आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडकडे मजुरीच्या मुक्कामाला जातात आणि वर्ग मध्येच तुटतो. तेव्हा संस्थेने आपले वेळापत्रक मुलांच्या वर्षाप्रमाणे आखावे, मुलांनी संस्थेच्या वर्षाप्रमाणे जगावे अशी अपेक्षा धरू नये. मूल जेथे जाते तेथे वर्ग गेला, बागेच्या बांधाशेजारी पट मांडला गेला, तर तो वर्ग खरा.

म्हणून तीन गोष्टींची मागणी मी करतो. आयुक्तालयाने प्रत्येक आश्रमशाळेमागे स्पर्धाप्रवासाची लहानशी का होईना, पण स्वतंत्र तरतूद अंदाजपत्रकात करावी, म्हणजे होतकरू मुलाचा अर्ज मंजुरीच्या वाटेवरच शिळा होणार नाही. १८४० पासून या शहराला वाचनाची सवय लावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाने आणि त्याच्यासारख्या इतर संस्थांनी रविवारी एक दालन वस्तीतील मुलांना विनामूल्य खुले करावे. आणि शिकविणाऱ्या संस्थांनी स्वतःला असा दंडक घालून घ्यावा की, एका शाळेत एकदा पाय ठेवला की निदान तीन वर्षे तोच दादा अथवा तीच ताई तेथे जाईल, प्रत्येक मुलाला आपल्या चाली लिहून ठेवावयास शिकवील, आणि तासाचा अर्धा वेळ खेळण्यास व अर्धा वेळ उजळणीस देईल.

देणगीदारांनीही आपला हिशेब बदलला पाहिजे. किती पट वाटले आणि किती चषक आले, हे विचारण्याआधी, पहिल्या वर्षी बसलेल्यांपैकी किती मुले तिसऱ्या वर्षी पटासमोर आहेत, त्यांत मुली किती, आणि त्यांच्या वह्यांत हरलेले डाव लिहिलेले आहेत काय, हे त्यांनी विचारावे. शंभरांतील एखादे मूल पुढे ग्रँडमास्टर होईलही, आणि तसे झाले तर साऱ्या नाशिकने त्याचा गौरव करावा. परंतु ज्या नव्व्याण्णवांना कोणताही किताब मिळणार नाही, त्यांनी आपल्या चुकीकडे न घाबरता पाहावयास शिकावे, एवढ्यासाठीच हे सारे वर्ग चालले तरी त्यांवर खर्च झालेला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक तास सार्थकी लागला, असे मी निःशंकपणे म्हणेन.

— नाशिककर